सावडीतलं दुसरं माणूस

रोपाच्या सहाव्या पानाचं टोक बाहेर आलं होतं. सुईएवढंच, गुंडाळलेलं, पोपटी. विमलने एक काडी मुळासकट उपटली, खाचरातल्या पाण्यात हलवून धुतली आणि हातावर आडवी ठेवली. वीतभर, आणि वर तीन बोटं. सगळ्यांत खालचं पान टोकाकडून पिवळं पडायला लागलं होतं. पाच पानांचं रोप लावलं तर भरपूर फुटतं. सातव्या पानावर गेलं की ते म्हातारं झालं. मग कितीही खत घाला, एका काडीच्या जेमतेम चार होतात. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. बावीस वर्षं ती हेच रान लावत आली होती.

"किती दिवस झाले गो?" बांधावरून विठ्ठलने विचारलं. तो उलट्या घातलेल्या रंगाच्या डब्यावर बसला होता. प्लास्टरचा डावा पाय पुढे लांब केलेला, त्यावर खताची पिशवी सुतळीने बांधलेली.

"पंचवीस."

"मंग टाइम हाय."

"आपला नंबर शेवटी आला तं शनिवारी एकतीस होतील."

रान बावीस गुंठ्यांचं. दिवा स्टेशनापलीकडच्या त्या गावात आता भाताची खाचरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. एका बाजूला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसरीकडे बारा मजली इमारतीचा सांगाडा, आणि मधे ही सहा घरांची हिरवी पट्टी. ज्याचं खाचर एक पावसाळा रिकामं राहिलं, त्यात पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी डंपरने भराव टाकला होता. टाकणारा कोण ते कधीच कळलं नाही. भराव काढायला मात्र कुणालाच जमलं नव्हतं. म्हणून विठ्ठल गोदामात हमाली करून आल्यावरसुद्धा दरवर्षी रान लावायचाच. जूनच्या शेवटी त्याच गोदामात लोखंडी पाइप पायावर पडला आणि घोटा तुटला.

पाय मोडण्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती. सहावीतल्या धाकट्या मुलीने, सोनलने, पालिकेच्या शाळेतून एक कागद आणला. ठाकुर्लीच्या शाळेत सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी एक वेगळा वर्ग भरणार होता. पालिकेच्या सगळ्या शाळांमधून वीस मुलं निवडली होती, त्यात सोनल. पालकांची सही हवी होती.

विठ्ठलने कागद वाचला आणि तांदळाच्या पिंपाखाली सरकवला. तोही सोनलच्याच शाळेत शिकला होता. ज्यांना पाढे येत नसत त्यांनाच तिथे वेगळं बसवत. तो स्वतः दोन वर्षं तसा बसला होता, खिडकीजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आठ दिवस त्याने सही केली नाही. नवव्या दिवशी सोनलच्या वर्गबाईंचा, हेमांगीबाईंचा, निरोप आला तेव्हा तो गोदामाच्या कपड्यांतच शाळेत गेला. मागे विमल, हातात तो कागद.

"माजी पोर ढ हाय का, बाई?" त्याने दारातूनच विचारलं. "तिला कशापायी वेगली काढता?"

हेमांगीबाई डोंबिवलीच्या. आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्या आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या, "बसा तुम्ही. अहो, उलट आहे. ज्यांना वर्गातलं कमी पडतं त्यांच्यासाठी आहे हे."

"उलट मंजे?"

"मी गणित घातलं होतं. बारा माणसं एक शेत चार दिवसांत लावतात, तर सहा माणसं किती दिवसांत लावतील? सगळ्यांनी आठ लिहिलं. पुस्तकातही आठच आहे. हिने दहा लिहिलं. मी चूक दिली तर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, बाई, बारांतला एक चिखल करायला टिलरवर असतो, एक बांधावर पाणी बघतो. ते दोघं लावत नाहीत. म्हणजे लावणारे दहा. आणि सहा आणले तरी ते दोघं लागतातच, म्हणजे लावणारे चार. दहा जणांचं चार दिवसांचं काम चौघांना दहा दिवस पुरेल."

विठ्ठलने बोटांवर हिशेब केला. मग तो हसला. "मंग बरोबरच बोलली की पोर! आठ दिवसांत कुनाचा बाप लावील?"

सही त्याने तिथेच केली. घरी येताना पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत आला. पुढच्या आठवड्यात पाइप पडला.

---

रविवारी संध्याकाळी बाळारामच्या ओटीवर सावड बसली. सहा घरं, सहा दिवस. प्रत्येक घराने रोज दोन माणसं द्यायची आणि आपल्या दिवशी बारा माणसं घ्यायची. पैसा मधे नाही. टिलर बाळारामचा, डिझेल ज्याचं रान त्याचं. चिठ्ठ्या काढल्या. बाळारामला शुक्रवार आला आणि विठ्ठलला शेवटचा शनिवार.

"विठ्ठल, तुजे घरातली दोन मानसं कोन?" बाळारामने विचारलं. तो विठ्ठलचा चुलतभाऊ, साठीचा, सावडीत शब्द त्याचा.

"विमल आनि सोनल."

ओटीवर थोडं हसू झालं. "काका, सोनल लावनी करंल का गनित करंल?" मयूरने विचारलं. तो कॉलेजात जाणारा, सावडीतल्या सुमतीवहिनीचा मुलगा.

"तुज्यापरीस दोन काड्या जास्तीच लावंल," विठ्ठल म्हणाला, पण डोळे बाळारामकडे.

बाळारामने तंबाखू चोळली. "बारा वर्साची पोर. खरं धरलं तं अर्धं मानूस."

विमल खाली बघत राहिली. अंगणात सोनल उभी होती. ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"पन तुजा पाय मोडलाय," बाळाराम म्हणाला. "म्हनून पूर्न धरतो. मंग दिवस पन पूर्न द्यायचा. उजाडल्यापास्न सांजच्या चायपर्यंत. मधे शाला-बिला नाय. कबूल हाय का, विमल?"

"कबूल," विमल म्हणाली.

यंदा लावणी नको, हे तीन शब्द विठ्ठलचा पाय प्लास्टरमध्ये गेला त्या दिवसापासून तिच्या तोंडात होते. ओटीवरही ते आले आणि तिने ते गिळले.

सोमवारपासून कामाला तोंड लागलं. चिखल पोटरीपर्यंत. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोन-तीन काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागे. प्रत्येकाच्या वाट्याला एक पट्टा. त्याला पात म्हणायचे. मोठ्या माणसाच्या दिवसाला सात पाती होत. सोनलच्या सहा व्हायच्या. सातवी विमल तिच्या शेजारी सरकून लावून टाकायची आणि कुणी बघत नाही ना हे बघायची. बुधवारपर्यंत सोनलच्या अंगठ्याच्या नखाखाली चिखल शिरून ते काळंनिळं झालं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडल्या. संध्याकाळी विमल त्यांवर खोबरेल लावायची तेव्हा ती पाय ओढून घ्यायची, पण ओरडायची नाही.

"वर्गात काय करता गो तुमी?" एकदा विमलने विचारलं. सोनल लावणीआधी चार वेळा जाऊन आली होती.

"सरांनी दोऱ्याला नट बांधून दिला. झोका किती वेळात जातो ते मोजायचं. मी मोजलं. बरोबर आलं."

"मंग?"

"मग सर म्हणाले, उत्तर आलं ना, आता तू प्रश्न बदल." सोनलने पाय पुन्हा पुढे केला. "असं कुणी कधी म्हणालं नव्हतं मला."

---

गुरुवारी अकरा वाजता हेमांगीबाई बांधावर आल्या. सलवार वर दुमडलेली, एका हातात चपला. दुसऱ्या खाचराच्या कोपऱ्यावर त्यांचा पाय घसरला आणि त्या गुडघ्यापर्यंत आत गेल्या. बायका हसल्या. सुमतीवहिनी ओरडली, "बाई, आल्यात तं दोन पाती लावून जा!" हेमांगीबाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या.

"सोनलची आई, जरा येता?"

विमल हातातली जुडी न सोडता बांधाशी गेली.

"सोमवारी ती ठाकुर्लीच्या वर्गाला आली नाही, काल आली नाही. उद्या नाही आली तर तिचं नाव जाईल."

"जाईल मंजे?"

"तीन गैरहजेऱ्या झाल्या की जागा पुढच्या मुलाला. एकेचाळीस मुलं थांबली आहेत. मी फोन केला होता तिथे. लावणी आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच." त्यांनी ओढणीने कपाळ पुसलं. "नियम मी केलेला नाही हो. मला तो पटतही नाही. पण सोनलला माहीत आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना."

विमलने वळून पाहिलं. सोनल वाकलेली होती. ती एकेक काडी लावत मागे येत होती आणि या बाजूला मुद्दाम बघत नव्हती.

"पुढल्या वर्सी घेतील का?"

"सहावीतच घेतात. एकदाच." बाई हळू बोलल्या. "मी सतरा वर्षं शिकवते आहे. हिच्यासाठी माझ्याकडे पुरेसं नाही. वर्गात ती उत्तराला माझ्याआधी पोचते आणि मग खिडकीबाहेर बघत बसते. दोन-तीन वर्षांत अशी मुलं बोलायचीच थांबतात. मी पाहिली आहेत."

विमलने बाईंच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाय धुवून जा, बाई. तिकडं पाण्याचा पाइप हाय."

त्या दिवशी चहाला सुट्टी झाल्यावर ती घरी न जाता नाक्यावर गेली. एका दिवसासाठी एक बाई मिळाली तरी चालणार होतं. मुरबाडकडून येणाऱ्या मजूर बायका तिथे बसायच्या. पण त्या आठवडाभर आधीच टेम्पोत भरून पलीकडच्या गावांत गेल्या होत्या. एक म्हातारी तेवढी बसलेली, तिने आपले सुजलेले गुडघे दाखवले. तिथूनच विमलने विठ्ठलवाडीला सासरी असलेल्या मोठ्या मुलीला, रुचिताला फोन लावला.

"आई, आठवा लागलाय मला," रुचिता म्हणाली. "वाकता येत नाही गं. यांना पाठवू का? पण ह्यांना काडी कुठली नि गवत कुठलं ते कळत नाही."

"नको," विमल म्हणाली. "जप तू."

घरी दिवेलागण झाली होती. विठ्ठल भिंतीला टेकून बसलेला. सोनलने वही पुढे केली.

"आई, मी बघितलं. जमतंय जवळजवळ."

"तू मना का नाय सांगितलं? तीन दिवसांचं?"

सोनल वहीकडे बघत राहिली. "सांगून काय झालं असतं? तू रडली असतीस. तेव्हा एकदा आणि आता पुन्हा."

विठ्ठलने मान फिरवली.

"बघ ना," सोनल म्हणाली. "आपल्या दोघींच्या मिळून चौदा पाती. सातऐवजी साडेपाचला सुरू केलं आणि मी साडेअकराला निघाले तर माझ्या चार होतात. एकचा वर्ग मिळतो. उरल्या दहा. तू सुट्टी न घेता शेवटपर्यंत लावलंस तर नऊ होतात. मी तुझा वेग तीन दिवस मोजलाय. दुपारनंतर तू हळू होतेस, तेपण धरलंय." तिने पेन्सिल ठेवली. "एक पात कमी पडते."

विठ्ठलने प्लास्टरचा पाय जवळ ओढला.

"ती मी लावीन," विठ्ठल म्हणाला. "बसून. सरकत सरकत."

"प्लास्टर भिजंल."

"भिजंल तं भिजंल."

"आनि हाड वाकडं जुलून आलं तं गोदामात घेतील का तुला?" विमल म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "एक पात काय, मी लावीन."

सोनलने वहीत पुन्हा बघितलं. तिला ते पटलं नव्हतं, हे विमलला दिसलं. तिने वही मिटली.

---

शुक्रवारी साडेपाचला बाळारामच्या खाचरात त्या दोघीच होत्या. पाणी थंडगार, वर बारीक पाऊस. विठ्ठल कुबडी टेकत मागून आला आणि बांधावर डबा ठेवून बसला. कुणी सांगितलं नसताना तो रोपांच्या जुड्या बांधून हाताच्या अंतरावर टाकत राहिला. जुड्या बांधणारा सावडीत धरला जात नाही. तरी तो बांधत होता.

सातला बाकीचे आले. "आज पहाटच झाली का तुमची?" सुमतीवहिनीने विचारलं. विमलने नुसती मान हलवली. बोलण्यात दम घालवायचा नव्हता.

नऊ वाजता चहा आला. विमल उभीच राहिली नाही. कमरेच्या खाली, डाव्या बाजूला, एक तार ताणल्यासारखी झाली होती. सरळ झालं की ती जास्त दुखेल म्हणून ती वाकूनच पुढची जुडी घ्यायची. सोनलने तोंडाने मोजत पात संपवली, दुसरी धरली. तिच्या कोपरापर्यंतचा हात थंडीने पांढरा पडला होता. दहाला तिच्या तीन झाल्या. साडेअकराला पाच मिनिटं होती तेव्हा तिने चौथी पात बांधाला नेऊन टेकवली आणि आईकडे पाहिलं. विमलची पाचवी संपत आली होती.

"जा," विमल म्हणाली.

सोनल पाइपाशी गेली. तिने एक पाय धुतला.

"ए पोरी!" टिलर थांबवून बाळारामने हाक मारली. "पाय कशाला धुतंस? जेवाला टाइम हाय अजून."

"काका, मला वर्गाला जायचंय. माझ्या चार झाल्या. बाकीच्या आई लावणार आहे. आमच्या चौदा पूर्ण होतील."

बाळाराम चिखलातून चालत आला. रागावलेला दिसत नव्हता. त्याने विमलकडे पाहिलं. "असं हाय का?"

"व्हय, दादा. साडेपाचला सुरू केलंय. तुमचं एक काडी कमी पडनार नाय."

"मना माहीत हाय. मी आलो तवा तुमच्या दोन पाती झाल्या व्हत्या." त्याने हाताचा चिखल झटकला. "पन सावड पातींवर नसते, विमल. मानसांवर असते. दोन मानसं, पूर्न दिवस. तूच कबूल केलंस."

"काम पुरं झालं तं काय बिघडलं?"

"जाऊ द्या ना, दादा," एक बाई म्हणाली. "पोर हुशार हाय."

"हुशार सगल्यांचीच हायेत," सुमतीवहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या बोलण्यात मघाची थट्टा नव्हती. "माज्या मयूरचं आज प्रॅक्टिकल हाय. बुडवून आलाय तो. मार्क जानार त्याचे. त्याचं कोन धरनार?"

मयूर म्हणाला, "मम्मी, राहू दे ना." पण मान खालीच.

"बघ," बाळाराम विमलला म्हणाला. "आज तुजी पोर चार पाती लावून गेली. उद्या मयूर पाच लावून जाईल. परवा मी तीन तासांत टिलर फिरवून दुसरीकडं भाड्याला जाईन. मंग सावड कशाची राह्यली? पूर्न मानूस धरला तिला, तुजा घरधनी बसलाय म्हनून धरला. ती गेली तं एक मानूस कमी. आनि आज एक मानूस कमी तं उद्या तुज्या रानात टिलर नाय. मी वाईट बोलत नाय. हे असंच चालत आलंय."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच विमलला त्याच्याशी भांडता येईना. चार दिवस दोघींनी चार घरं लावून दिली होती. आज पाचवं. उद्या आपलं. फक्त आजचे पाच तास.

पाइपाशी पाणी पडण्याचा आवाज थांबला. सोनल परत आली. तिने धुतलेला पाय बिनधुतल्या पायाबरोबर चिखलात घातला, खाली वाकली, जुडी उचलली आणि पाचवी पात सुरू केली. तोंड इतकं खाली की केस पाण्याला लागले. तिचा हात नेहमीसारखाच चालला होता, एका लयीत, तीन बोटं आणि अंगठा.

"शानी पोर," कुणीतरी म्हणालं. बायका पुन्हा वाकल्या. बाळाराम टिलरकडे वळला.

विमल उभी राहिली. कमरेतली तार सुटल्यासारखं कळवळून आलं आणि क्षणभर डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मग बांधावरचा विठ्ठल दिसला. त्याने जुडी बांधायची थांबवली होती. तो तिच्याचकडे बघत होता आणि ती काय बोलणार हे त्याला कळलं होतं. त्याने मान हलवली, अगदी थोडी. नको.

"सोनल," विमल म्हणाली. "बाहेर हो."

"आई, मी लावते. नाव गेलं तरी चालेल मला."

"बाहेर हो म्हनते ना. रिक्षा पकड. बाईंना सांग, आईने पाठवलं."

सोनल सरळ झाली, पण हलली नाही. ती बाबांकडे बघत होती. टिलरचा आवाज अजून सुरू झाला नव्हता. सगळ्या बायका वाकल्या वाकल्याच थांबल्या होत्या.

"विमल," विठ्ठल बांधावरून म्हणाला. "इचार कर गो. रिकामं राह्यलं तं भराव पडंल. माज्या बापानं..."

"केलाय. पंधरा दिवस करतेय." ती बाळारामकडे वळली. "दादा, तुमच्या चौदा पाती आज मी पुऱ्या करते, किती बी वाजू देत. ते तुमचं देनं हाय." तिने श्वास घेतला. "उद्या टिलर आनू नका. कुनीच येऊ नका. यंदा आमचं रान लावायचं नाय."